नवे स्वतंत्र कलाकार शोधायचे कसे, आणि सापडलेलं गाणं दुसऱ्याच्या कानापर्यंत पोचवायचं कसं

ॲपवर रोज नवी गाणी समोर येतात, तरी वर्षाअखेरीस आठवायला बसलं तर नव्या कलाकारांची चार नावं धड सांगता येत नाहीत. ही तक्रार बऱ्याच श्रोत्यांची असते. ॲप तुमच्या आणि तुमच्यासारख्या इतरांच्या जुन्या ऐकण्यावरून अंदाज बांधतं. जे गाणं अजून दोनशे माणसांनीही ऐकलेलं नाही, त्याच्याबद्दल अंदाज बांधायला त्याच्या हाती फारसं काही नसतं. नव्या स्वतंत्र कलाकाराची अडचण तीच आहे. तिथे माणसांचा माग काढावा लागतो: गाण्यात कोण वाजवतंय, बीट कोणाची, रेकॉर्ड कोणी काढली, कोणाच्या कार्यक्रमाआधी कोण वाजवून गेलं. हा माग कसा काढायचा ते इथे मुख्यतः भारतातल्या उदाहरणांवरून सांगितलं आहे.

आधी दोन गोष्टींची तयारी

पहिली गोष्ट वेळेची. आठवड्यातून एकदा सलग दीड तास पुरतो. रोज दहा-दहा मिनिटं काढून हे जमत नाही, कारण एका नावावरून दुसऱ्यावर जाताना धागा तुटतो.

दुसरी गोष्ट एक साधी स्प्रेडशीट. रकाने सहा: कलाकाराचं नाव, गाणं, कुठून सापडलं, ऐकल्याची तारीख, एका ओळीत वर्णन, आणि ‘कोणाला आवडेल’. नाव रोमन लिपीत, कलाकार स्वतः लिहितो त्याच स्पेलिंगमध्ये टिपा. एक जास्तीचा ‘ए’ राहिला तर नंतर गाणं सापडत नाही. ‘कुठून सापडलं’ हा रकाना बहुतेक जण भरत नाहीत आणि तिथेच फसतात. तीन महिन्यांनी या रकान्याकडे पाहिलं की आपल्या कामाची गाणी कोणत्या वाटेने येतात ते दिसतं. मग बाकीच्या वाटा सोडून देता येतात.

कलाकार खरोखर स्वतंत्र आहे का?

स्पॉटिफायवर अल्बमच्या पानाच्या तळाशी वर्तुळातल्या ‘पी’ची ओळ असते. ध्वनिमुद्रणाचे हक्क कोणाकडे आहेत ते ती सांगते. तिथे टी-सिरीज, सोनी, युनिव्हर्सल किंवा वॉर्नर दिसलं तर उत्तर मिळालं: कलाकार स्वतंत्र नाही. कलाकाराचंच नाव किंवा एखादं छोटं लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी छोटी कंपनी, दिसलं तर तुम्ही योग्य जागी आहात. सात-आठ आकडे आणि पुढे ‘रेकॉर्ड्स डीके’ असं काही दिसलं तर गाणं डिस्ट्रोकिड या वितरण सेवेतून आलं आहे आणि कलाकाराने लेबलचा रकाना कोरा सोडला होता. बहुधा एकट्याने, घरातून काढलेली रेकॉर्ड.

यूट्यूबवर कलाकाराच्या नावापुढे ‘टॉपिक’ लिहिलेले आपोआप तयार झालेले चॅनेल असतात. त्यांच्या व्हिडिओखालच्या वर्णनात वितरकाचं नाव, हक्कांची ओळ आणि अनेकदा संगीतकार-गीतकारांची नावं सापडतात. मोठ्या कंपनीने फक्त वितरण केलं म्हणून कलाकार परतंत्र होत नाही. हक्काच्या ओळीत नाव कोणाचं आहे ते पाहा.

पायरी १: आवडता एक बँड उघडून पाहा

‘भारतीय इंडी’ (इंडी म्हणजे स्वतंत्र) असं शोधखिडकीत टाकू नका, तेच वीस चेहरे समोर येतात. त्यापेक्षा तुम्हाला आधीच आवडणारा एक बँड घ्या आणि त्यातलं प्रत्येक माणूस वेगळं करा.

दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी हा बँड घेऊ. त्यांचा ‘बिस्मिल्लाह’ २०१९चा. गायक सूर्यकांत साहनी ‘लिफाफा’ या नावाने एकट्याचं, हिंदीतलं, इलेक्ट्रॉनिक वळणाचं संगीत काढतो. ‘जागो’ हा त्याचा अल्बमही २०१९चाच. बँडमधला कार्तिक पिल्लई ‘जांब्लू’ या नावाने स्वतःचं काम करतो. शिवाय ‘बेगम’ नावाचा आणखी एक बँड आहे, त्यात कार्तिक आहे आणि पीटर कॅटचा ड्रमर करण सिंगही. म्हणजे एका नावातून तीन नवी नावं निघाली, आणि तिन्हींचा बाज निराळा.

ॲपमधल्या ‘चाहत्यांना हेही आवडतं’ या यादीत अशी नावं दिसतीलच असं नाही. ती यादी श्रोते कोणते कलाकार सामाईक ऐकतात त्यावर बनते. बँडमध्ये कोण बसलंय याच्याशी तिचा संबंध नसतो. शिवाय छोट्या प्रकल्पाला मोजण्याइतके श्रोतेच नसतात.

पायरी २: क्रेडिट्स वाचा

गाण्यापुढच्या तीन टिंबांवर दाबलं की ‘क्रेडिट्स’ दिसतात. सगळी नावं सारख्या कामाची नसतात. निर्माता, म्हणजे प्रोड्युसर, हा सगळ्यात भरवशाचा धागा. हिप-हॉपमध्ये तर तोच पाया. ‘सेझ ऑन द बीट’ हे नाव धरून चाला. डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांचं २०१५चं ‘मेरे गली में’ मुंबईचं, बीट सेझची. तोच धागा पुढे दिल्लीत प्रभ दीपच्या ‘क्लास-सिख’पर्यंत जातो (२०१७), तिथून सीधे मौतच्या ‘बयान’पर्यंत (२०१८), आणि मग थेट काश्मीरमधल्या अहमरच्या ‘लिटल किड, बिग ड्रीम्स’पर्यंत (२०१९). तीन वेगळे प्रदेश, तीन वेगळ्या बोली आणि ऐकण्याजोगी कितीतरी तासांची सामग्री, फक्त एका नावावरून.

दुसरा चांगला धागा पाहुण्या कलाकाराचा. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटाचं ‘द वारली रिव्होल्ट’ (२०१९) आरेच्या जंगलाबद्दल आहे आणि त्यात प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. रॅप ऐकायला आलेला श्रोता त्या एका क्रेडिटवरून वारली गाण्यापर्यंत पोचतो.

मास्टरिंग, म्हणजे गाण्याच्या आवाजावरचा शेवटचा हात, करणाऱ्याचं नाव मात्र कच्चा धागा. देशातले बरेच कलाकार त्याच मोजक्या लोकांकडे मास्टरिंग करून घेतात, त्यामुळे तिथून निघालेल्या दहा गाण्यांत साम्य काहीच नसतं. ड्रमर आणि बासवादक त्याहून उपयोगी, कारण ते एकाच वेळी तीन-चार बँडांत वाजवत असतात.

इथे बिघडतं ते असं की स्वतःच गाणं चढवणारे अनेक कलाकार गायक आणि संगीतकार एवढीच नावं भरतात. मग बँडकॅम्प या गाणी विकत घ्यायच्या साइटवरची टीप, यूट्यूबचं वर्णन आणि गाणं आलं त्या दिवशीची इन्स्टाग्राम पोस्ट पाहा. पोस्टमध्ये टॅग केलेली माणसं हेच त्यांचं खरं श्रेयपत्र असतं.

पायरी ३: लेबलची यादी वरून खाली चाळा

छोटं लेबल म्हणजे एखाद्या माणसाची किंवा दोघा-चौघांची आवड. ती तुमच्या आवडीशी जुळली की वर्षभराचं काम हलकं होतं. वर दिलेले प्रभ दीप, सीधे मौत आणि अहमर हे तिघेही २०१७ मध्ये सुरू झालेल्या दिल्लीच्या आझादी रेकॉर्ड्सवर निघाले.

स्पॉटिफायच्या शोधखिडकीत इंग्रजीत ‘लेबल’ हा शब्द, लगेच पुढे दोन उभी टिंबं आणि मग अवतरणचिन्हांत लेबलचं नाव टाकलं, की त्या नावाखालच्या रेकॉर्ड्स समोर येतात. तसंच ‘इयर’ आणि वर्ष जोडून यादी आटोक्यात आणता येते. मधे मोकळी जागा सोडली तर हे चालत नाही. यादीतले प्रसिद्ध कलाकार सोडून द्या आणि ज्यांची एकच रेकॉर्ड आहे त्यांच्यापासून सुरुवात करा.

पायरी ४: बँडकॅम्पवर दुसऱ्याचं कपाट उघडा

बँडकॅम्प २००८ पासून आहे. नव्या कलाकारासाठी इतकी कामाची जागा दुसरी नाही, कारण इथे पैसे मोजून घेतलेली आवड दिसते. अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांचे छोटे चौकोनी फोटो असतात. एकावर दाबा, त्या माणसाचा पूर्ण संग्रह उघडतो.

असं करा: तुमच्या आवडीचे तीन कमी प्रसिद्ध अल्बम घ्या. प्रत्येकाच्या पानावरचे पंधरा-वीस खरेदीदार पाहा. तिन्हीपैकी निदान दोन ज्यांच्याकडे आहेत असे दोन-तीन लोक निघाले तर त्यांना फॉलो करा. हजारो अल्बम घेणारा संग्राहक टाळा, त्याच्याकडे सगळंच असतं. शंभर-दोनशे अल्बमवाला निवडक असतो.

शहराच्या नावाचे टॅगही चाळा: मुंबई, पुणे, गोवा, शिलाँग, चेन्नई. टॅग कलाकार स्वतः लावतो, त्यामुळे ‘पुणे’ टॅगखाली पुणं सोडून दहा वर्षं झालेला माणूसही सापडेल. त्याने काही बिघडत नाही. उलट परदेशात राहून मराठीत गाणारे लोक बरेचदा असेच सापडतात.

पायरी ५: पोस्टरच्या खालच्या ओळी

संगीत महोत्सवाच्या पोस्टरवर अक्षरं वरून खाली लहान होत जातात. तुमचं काम शेवटच्या दोन ओळींत. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेला एनएच७ वीकेंडर आणि अरुणाचलातला २०१२ पासूनचा झिरो फेस्टिव्हल या दोघांचीही जुनी पोस्टरं इंटरनेटवर सापडतात. झिरोच्या यादीत ईशान्येकडचे कलाकार भरपूर असतात. मुंबई-पुण्याच्या श्रोत्याला एरवी ती नावं सहसा ऐकू येत नाहीत. पाच-सहा वर्षांपूर्वीचं पोस्टर घ्या, खालच्या ओळीतली आठ नावं शोधा. जे अजून गाणी काढत आहेत ते टिकलेले लोक, त्यांच्यावर वेळ घालवा.

प्रत्यक्ष कार्यक्रमाला जात असाल तर पहिल्या कलाकारासाठी वेळेवर पोचा. मुख्य बँडने आपल्याआधी कोणाला वाजवायला लावलं ही त्यांची शिफारसच असते. सोफार साउंड्ससारख्या बैठकींत तर कलाकारांची नावं सहसा आधी सांगत नाहीत, त्यामुळे मनात कसलंही मत न बाळगता ऐकणं होतं.

पायरी ६: ‘इंडी’ न म्हणवणारे कलाकार

मराठीत शोधताना सगळ्यात मोठी चूक शब्दाची होते. ‘मराठी इंडी’ टाकलं तर चित्रपटगीतं येतात किंवा गिटारवरची चार गोड गाणी. खानदेशात अहिराणी गाणी स्वतःच्या खर्चाने बनतात आणि यूट्यूबवर अफाट ऐकली जातात. कोळीगीतांचं, मालवणी आणि कोकणी गाण्यांचं तसंच. हे सगळे अस्सल स्वतंत्र कलाकार, पण स्वतःला ‘इंडी’ कोणी म्हणत नाही. त्यामुळे शोधताना बोलीचं नाव घ्या, जिल्ह्याचं नाव घ्या, वाद्याचं नाव घ्या. अमरावतीच्या ‘१०० आरबीएच’ या रॅपरपर्यंत ‘इंडी’ या शब्दावरून पोचता येत नाही. ‘अमरावती’ आणि ‘रॅप’ या दोन शब्दांवरून पोचता येतं. अभंगांना रॉकच्या वाद्यमेळात आणणाऱ्या ‘अभंग रिपोस्ट’चंही तेच. ज्याला अभंग हवेत तो सहसा रॉकच्या यादीत डोकावत नाही, आणि रॉकवाला अभंगांच्या.

प्रत्येक शोध दोनदा करा, देवनागरीत आणि रोमनमध्ये. ‘वारी’ हा शब्द रोमनमध्ये चार तऱ्हांनी लिहिला जातो, चारही टाकून पाहा. यूट्यूबवर निकाल चढवल्याच्या तारखेनुसार लावायची सोय दिसली तर ती वापरा. नाहीतर सगळ्यात जास्त पाहिलेलं गाणंच दरवेळी वर येतं.

पायरी ७: चाळणी

एका बैठकीत वीस गाणी, त्याहून जास्त नाही. त्यानंतर कान थकतात आणि फक्त मोठ्या आवाजाची गाणी बरी वाटायला लागतात. याच कारणासाठी ॲपमधली आवाजाची पातळी समान करणारी सोय चालू ठेवा. स्पॉटिफाय ती सर्वसाधारणपणे उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आसपास आणतं. घरी मिक्स केलेलं गाणं पाच डेसिबलने हळू असेल तर ते फिकं वाटतं, वाईट असतंच असं नाही.

पहिल्या फेरीत प्रत्येकाला पहिली ४५ सेकंदं आणि मधली ३० द्या. नव्या कलाकारांच्या गाण्यांना लांबलचक सुरुवात असते, त्यामुळे फक्त आरंभ ऐकून काट मारू नका. वीसातून पाच उरवा. दुसरी फेरी दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या साधनावर: आदल्या दिवशी इअरफोन असेल तर आज स्पीकर. जे उरेल त्या कलाकाराची आणखी दोन गाणी ऐका. एकच गाणं चांगलं आणि बाकी रटाळ असं निघालं तर ते गाणं टिपा, कलाकाराची शिफारस करू नका. वीसातून एखाद-दुसरं नाव उरणं ही चांगली सरासरी झाली. एकही उरलं नाही तर ओढूनताणून उरवू नका.

पायरी ८: माणूस खरा आहे ना?

२०२५ मध्ये ‘द व्हेल्वेट सनडाउन’ नावाच्या ‘बँड’ला स्पॉटिफायवर दहा लाखांहून जास्त मासिक श्रोते मिळाले. नंतर त्यांच्याच परिचयात ते संगीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने बनवल्याचं लिहिलं गेलं. तेव्हापासून ही तपासणी टाळता येत नाही. पाच मिनिटांचं काम आहे.

मासिक श्रोते म्हणजे गेल्या २८ दिवसांत एकदा तरी ऐकलेले वेगवेगळे लोक. तो आकडा दोन लाख आणि फॉलोअर तीनशे असतील तर गाणी कोणत्या तरी एकाच प्लेलिस्टवर तरंगत आहेत. परिचयाच्या पानावर कोणत्या शहरांतून ऐकलं जातं ते दिसतं. साताऱ्याचा मराठी रॅपर आणि पहिल्या पाच शहरांत एकही भारतीय नाही, तर कोणी तरी विकतची प्रसिद्धी घेतली आहे. कधी कधी कलाकारच फसलेला असतो, ‘प्लेलिस्टमध्ये टाकतो’ म्हणून कोणीतरी पैसे उकळलेले असतात. म्हणून लगेच नाव कापू नका, पण आकड्यांवर विश्वासही ठेवू नका. प्रत्यक्ष वाजवतानाचा एखादा व्हिडिओ, कार्यक्रमाची तारीख, क्रेडिट्समध्ये दुसऱ्या खऱ्या माणसाचं नाव, यातलं काहीच मिळालं नाही तर थांबा.

सारख्या नावाचे दोन कलाकार एकाच पानावर मिसळणं हाही नेहमीचा घोळ. मधेच भलत्या भाषेतला अल्बम दिसला तर तो या कलाकाराचा नसतो.

पायरी ९: ॲपला वळण लावा

माग काढून मिळालेली नावं ॲपला दिली तर त्याच्या शिफारशीही सुधारतात. गाणं जपून ठेवा, कलाकाराला फॉलो करा. फॉलो केलं की स्पॉटिफायच्या शुक्रवारच्या ‘रिलीज रडार’ या यादीमध्ये त्याचं नवं गाणं यायची शक्यता वाढते. सोमवारची ‘डिस्कव्हर वीकली’ तीस गाण्यांची असते, ती वरच्या चाळणीच्या पहिल्या फेरीत घाला.

घरात एकाच खात्यावर सगळे ऐकत असतील तर सकाळची भक्तिगीतं, धाकट्याची बडबडगीतं आणि तुमचं पोस्ट-रॉक यांची खिचडी होते आणि ॲप गोंधळतं. प्लेलिस्टच्या तीन टिंबांत ती आवडीच्या हिशेबातून वगळायची सोय आहे, ती भक्तिगीतांच्या यादीला लावा. किंवा तेवढ्यापुरतं खासगी सत्र चालू करा.

पैशाचं थोडं

२०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत हजारपेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला मानधन मिळत नाही, आणि ३० सेकंदांच्या आत सोडलेलं गाणं मोजलंच जात नाही. म्हणजे आवडलेलं गाणं पूर्ण ऐकणं हीसुद्धा छोटी मदत. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के ठेवून घेतं. ‘बँडकॅम्प फ्रायडे’च्या दिवशी ते आपला वाटा सोडतं, खरेदी त्या दिवसापर्यंत साठवून ठेवता येते. कार्यक्रमात टेबलावर टी-शर्ट असेल तर तो सगळ्यात सरळ रस्ता.

पायरी १०: शिफारस

एक माणूस, एक गाणं. दहा लिंकांचा संदेश कोणी उघडत नाही, आणि चाळीस जणांच्या व्हॉट्सॲप गटात टाकलेलं गाणं सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं जातं. खासगीत पाठवा, तेही त्या माणसाच्या ऐकण्याच्या वेळेला. लोकल पकडायच्या घाईत असलेल्याला सात मिनिटांचं गाणं पाठवू नका.

संदेशात तीन गोष्टी पुरतात: त्याला आधी आवडलेल्या कशाशी हे जुळतं, गाण्यात कुठे लक्ष द्यायचं, आणि किती मिनिटांचं आहे. उदाहरणार्थ: ‘तुला लिफाफा आवडला होता ना, त्याच्या बँडमधल्या दुसऱ्याचं हे. चार मिनिटं आहेत, दुसऱ्या मिनिटानंतर ड्रम येतात तिथपर्यंत ऐक.’ ‘अप्रतिम’, ‘ऐकच’, ‘आयुष्य बदलेल’ यातलं काही लिहू नका. अपेक्षा वाढली की साधं चांगलं गाणं पडतं. मोठ्यांना पाठवताना कलाकार कुठला, कोणाकडे शिकला, मूळ रचना कोणाची, हे आधी सांगा. अभंग वेगळ्या चालीत असेल तर तेही सांगूनच पाठवा, नाहीतर चर्चा चालीवरच अडते. लिंक यूट्यूबची द्या, समोरच्याकडे कोणतं ॲप आहे ते आपल्याला माहीत नसतं.

शिफारस वजनदार माणसाची असेल तर गोष्ट वेगळी. बराक ओबामांनी २०१९च्या आपल्या आवडत्या गाण्यांत प्रतीक कुहाडचं ‘कोल्ड/मेस’ घेतलं आणि जगभर नाव पोचलं. ते गाणं तेव्हा वर्षाहून जुनं होतं. तुमच्या यादीतलं जुनं गाणंही शिळं झालेलं नसतं.

प्लेलिस्ट करायची असेल तर बारा ते पंधरा गाणी, पाऊण ते एक तास. एका कलाकाराचं एकच गाणं. पहिल्या तिघांत एक थोडं ओळखीचं नाव ठेवा आणि सगळ्यात अनोळखी गाणं दुसऱ्या क्रमांकावर आणा, शेवटी टाकलं तर तिथपर्यंत कोणी पोचत नाही. दर महिन्याला जुनी यादी पुसून नवी भरू नका, नवी वेगळी करा आणि नावात महिना घाला. म्हणजे कोणी मार्चमधलं गाणं विचारलं तर देता येतं.

पाठवल्यावर ‘ऐकलंस का?’ असं दुसऱ्या दिवशी विचारू नका. आठवडा जाऊ द्या. उत्तर ‘छान आहे’ एवढंच आलं तर गाणं लागलेलं नाही असं समजा. ‘याचं अजून काही आहे का?’ असं आलं तर शीटच्या सहाव्या रकान्यात त्या माणसाचं नाव लिहा, आणि त्याच कलाकाराचं दुसरं गाणं लगेच पाठवा, पण एकच.